महिन्याला एक उपग्रहचित्र घेऊन मिथेनची गळती कळेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कंपनीकडे एक वायू प्रक्रिया केंद्र, काही कंप्रेसर स्टेशनं आणि दूरवर विखुरलेल्या विहिरी आहेत. उपग्रह-डेटा विकणाऱ्या एका कंपनीने प्रस्ताव दिलाय: प्रत्येक ठिकाणाचं महिन्याला एक चित्र घेऊ, त्यावरून वर्षभराचं मिथेन उत्सर्जन काढून देऊ, आणि मग कॅमेरा घेऊन जमिनीवर चालणारी गळतीतपासणी जवळपास बंद करता येईल. हा प्रस्ताव घ्यावा का, आणि घ्यायचा तर कुठल्या उपग्रहाचा डेटा घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं ही चित्रं वाचण्याचं आणि त्यावरून गळतीचा आकडा काढण्याचं काम करते. माझं मत आधीच सांगून टाकते. डेटा जरूर घ्या, पण विक्रेता ज्या कामासाठी देतोय त्या कामासाठी नको. मोठी गळती लवकर सापडावी आणि लवकर बंद व्हावी यासाठी व्यावसायिक उपग्रह फार उपयोगी आहेत. वर्षाचा एकूण आकडा काढायला महिन्याचं एक चित्र पुरत नाही, आणि जमिनीवरच्या तपासणीची जागा तर ते घेऊच शकत नाही. हे असं का, ते नीट समजून घेतलंत तर करारात काय मागायचं तेही तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

उपग्रह मिथेन थेट पाहत नाही. सूर्यप्रकाश जमिनीवर पडून परत वर जातो, तेव्हा वाटेतला मिथेन त्यातला १.६५ आणि २.३ मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश शोषतो. सेन्सर ही तूट मोजतो. त्यामुळे सूर्य हवा, आकाश मोकळं हवं आणि खालची जमीन बऱ्यापैकी प्रकाश परावर्तित करणारी हवी. रात्री काही दिसत नाही, ढगाआडून दिसत नाही. वाळवंटात काम सोपं असतं. गर्द झाडी, ओली काळी माती, बर्फ आणि पाणी या तरंगलांबींना काळपट दिसतात, तिथे तोच उपग्रह बराच अधू होतो. समुद्रावर मापन जमतं, पण त्यासाठी सूर्याची चकाकी नेमकी सेन्सरकडे येईल अशा कोनातून चित्र घ्यावं लागतं.

आता पिक्सेलच्या आकाराकडे येऊ, कारण बहुतेक गैरसमज इथेच होतात. हवेत मिथेनचं प्रमाण आज दर दहा लाख भागांत सुमारे १.९ भाग आहे. एक चौरस मीटर जमिनीच्या वर वातावरणाच्या टोकापर्यंत जेवढी हवा आहे, तिच्यातला सगळा मिथेन एकत्र केला तर तो १०-११ ग्रॅम भरतो. २५ मीटर बाजूच्या पिक्सेलवर याच हिशेबाने पावणेसात किलोच्या आसपास मिथेन असतो. समजा तिथे ताशी १०० किलोची गळती आहे आणि वारा सेकंदाला ३ मीटर वाहतोय. वारा तो पिक्सेल आठेक सेकंदांत ओलांडतो, आणि तेवढ्या वेळात गळतीतून २३० ग्रॅमच्या आसपास वायू बाहेर येतो. पावणेसात किलोवर २३० ग्रॅम म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आतली वाढ, आणि वायूचा लोट (वाऱ्याबरोबर वाहत जाणारा पट्टा) आडवा पसरला की त्याहूनही कमी. चांगला सेन्सर एवढा फरक कसाबसा पकडतो.

हीच गळती साडेपाच किलोमीटर बाय सात किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये ठेवून बघा. त्या पिक्सेलवर मुळातच चार लाख किलोहून जास्त मिथेन असतो, आणि गळतीने भर पडते ती साठेक किलोची. हा फरक कोणत्याच सेन्सरला कळणार नाही. पण मोठ्या पिक्सेलवाला उपग्रह रोज सगळी पृथ्वी पाहतो, आणि बारीक पिक्सेलवाल्याला कुठे बघायचं ते आधी सांगावं लागतं. रोज पाहायचं की बारीक पाहायचं, ही निवड या क्षेत्रात कायमची आहे. दोन्ही एकाच यंत्रात मिळतं असं कोणी सांगितलं तर मी पुढचे प्रश्न विचारते.

प्रत्यक्षात उपलब्ध काय आहे ते या नजरेने बघा. युरोपच्या सेंटिनेल-५पी वरचा ट्रोपोमी हा सेन्सर २०१७ पासून वर आहे, रोज सगळं जग पाहतो, डेटा फुकट आहे. मात्र एकट्या जागेची गळती त्यात दिसायची तर ती ताशी अनेक टनांची लागते. सेंटिनेल-२ आणि लँडसॅट हे मिथेनसाठी बनवलेलेच नाहीत, पण त्यांच्या शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड पट्ट्यांतून उजळ, एकसारख्या जमिनीवर ताशी एक ते तीन टनांच्या पुढची गळती काढता येते. तोही डेटा फुकट आणि अनेक वर्षं मागे जाणारा. इटलीचा प्रिझ्मा, जर्मनीचा एनमॅप आणि अंतराळ स्थानकावर २०२२ मध्ये बसवलेला नासाचा एमिट हे शेकडो अरुंद पट्ट्यांत पाहणारे सेन्सर आहेत, त्यामुळे त्यांची नजर याहून बरीच तीक्ष्ण.

व्यावसायिक बाजूला जीएचजीसॅट ही कॅनडाची कंपनी सर्वांत जुनी. तिचा पहिला उपग्रह क्लेअर २०१६ मध्ये गेला. आताच्या उपग्रहांचा पिक्सेल २५ मीटरच्या आसपास आहे, एका चित्रात साधारण १२ किलोमीटर बाजूचा चौकोन येतो, आणि शोधमर्यादा, म्हणजे दिसू शकणारी सर्वांत लहान गळती, ती कंपनी ताशी १०० किलोच्या आसपास सांगते, वारा सेकंदाला ३ मीटर असताना. प्लॅनेट कंपनीने कार्बन मॅपर या संस्थेच्या सहकार्याने ऑगस्ट २०२४ मध्ये टॅनेजर-१ सोडला, त्याचा पिक्सेल ३० मीटरच्या घरात. वर्ल्डव्ह्यू-३ हा मुळात बारकाईचं छायाचित्रण करणारा उपग्रह, पण त्याच्या इन्फ्रारेड पट्ट्यांचा पिक्सेल ३.७ मीटर आहे. नेमकं कुठल्या टाकीतून वायू येतोय हे सांगण्यात त्याचा हात धरणारा मला तरी माहीत नाही.

म्हणून "कुठल्या उपग्रहाचा डेटा" हा प्रश्न मी दुसरा धरते. पहिला प्रश्न: तुमच्याकडे गळती साधारण कोणत्या आकाराची होते? फ्लँज (पाइप जोडणाऱ्या चकत्या), व्हॉल्व्हचं पॅकिंग, सैल जोड यांतून ताशी काही ग्रॅमपासून काही किलोपर्यंत वायू जातो, आणि ते कोणत्याही उपग्रहाला दिसणार नाही. विझलेला फ्लेअर (नको असलेला वायू जाळून टाकणारी चिमणी), उघडं राहिलेलं टाकीचं झाकण, बंदच न झालेला सुरक्षा व्हॉल्व्ह, पाइपलाइन रिकामी करताना सोडलेला वायू, हे शेकडो किलोंच्या आणि कधी टनांच्या हिशेबात जातं. उपग्रह या दुसऱ्या गटासाठी आहे. विझलेल्या फ्लेअरचं उदाहरण मी मुद्दाम पुढे ठेवते, कारण चित्रात लोटाचं मूळ फ्लेअरच्या चिमणीपाशी सापडण्याचे प्रसंग आमच्या कामात वारंवार येतात. ज्योत पेटलेली असली तरी सगळा वायू जळतोच असं नाही. हिशेबात सहसा ९८ टक्के धरतात. अमेरिकेच्या तीन मोठ्या तेलक्षेत्रांवर विमानातून केलेलं मापन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात विझलेले फ्लेअर धरून प्रत्यक्षात सुमारे ९१ टक्केच मिथेन नष्ट होत असल्याचं दिसलं.

आकड्याविषयी आता. विक्रेत्याच्या अहवालात "ताशी २,१६० किलो" असं छापून येईल तेव्हा तो आकडा कुठून आला हे तुम्हाला माहीत हवं. सर्वांत रूढ पद्धत अशी: लोटातल्या सगळ्या पिक्सेलांमधला जादा मिथेन मोजून एकूण वस्तुमान काढायचं, त्याला लोटाच्या लांबीने भागायचं आणि वाऱ्याच्या वेगाने गुणायचं. लोटात ३०० किलो जादा मिथेन, लांबी दीड किलोमीटर, वारा सेकंदाला ३ मीटर, म्हणजे सेकंदाला ०.६ किलो, म्हणजे ताशी २,१६०. सरळ आहे. पण वारा उपग्रह मोजत नाही. तो बहुतेक वेळा हवामानाच्या जागतिक मॉडेलमधून उचललेला असतो, त्याची एक चौकट कित्येक किलोमीटरची, वेळ तासाच्या सरासरीची. तुमच्या केंद्राच्या आवारात त्या मिनिटाला वारा प्रत्यक्षात साडेचार मीटर असेल तर हाच आकडा ३,२४० होतो. चित्र तेच, वस्तुमान तेच, आणि गळती दीडपट.

ही पद्धत निरुपयोगी आहे असं मुळीच नाही. अमेरिकेत अॅरिझोनात २०२१ मध्ये ठरवून मिथेन सोडला गेला आणि किती सोडला हे विश्लेषक गटांना सांगितलं नव्हतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी घेतलेल्या त्या चाचणीत उपग्रहाने पकडलेली सर्वांत लहान गळती ताशी ०.२ टनांची होती, आणि गटांनी दिलेल्या अंदाजांपैकी ७५ टक्के अंदाज मीटरवरच्या आकड्याच्या अधिक-उणे ५० टक्क्यांत बसले. अंतराळातून केलेल्या मापनासाठी हे खरोखर कौतुकास्पद आहे. दुरुस्तीचं पथक पाठवायचं की नाही हे ठरवायला ५० टक्क्यांची चूक चालते. ताळेबंदात छापायला चालत नाही.

यावर एक स्वस्त उपाय आहे आणि तो फार कमी कंपन्या करतात. आपल्या आवारात दहा मीटर उंचीवर चांगला वातमापक बसवा, त्याच्या नोंदी मिनिटागणिक ठेवा आणि उपग्रह जाण्याच्या वेळेच्या नोंदी विश्लेषकाला द्या. एका वातमापकाने प्रश्न पूर्ण सुटत नाही, लोट किलोमीटरभर पुढे जातो तिथला वारा वेगळा असू शकतो. तरी मॉडेलचा वारा पूर्वेचा दाखवतोय आणि लोट मात्र दक्षिणेकडे गेलाय, अशा चित्राचा निकाल त्याने लगेच लागतो. दुसरं, वारा सेकंदाला दीड-दोन मीटरच्या खाली असेल तर वायू जागेवरच साचतो. लोट चित्रात झकास उठून दिसतो आणि आकडा मात्र सर्वांत अविश्वासार्ह असतो. जोराच्या वाऱ्यात उलट होतं, वायू पातळ होऊन लोट दिसेनासा होतो.

एखादं चित्र आलं की मी काय बघते ते सांगते, म्हणजे तुम्हालाही अहवालावर डोळे झाकून सही करावी लागणार नाही. आधी रंगीत लोट बाजूला ठेवून त्याच जागेचं साधं छायाचित्र बघते. लोटाची कड रस्त्याच्या, कुंपणाच्या किंवा छपराच्या कडेशी तंतोतंत जुळत असेल तर मला शंका येते, कारण वाऱ्याला कुंपण कळत नाही. रंगवलेली छपरं, काही प्लास्टिक, चुनखडीचे ढीग, सौर पॅनेल हे त्याच तरंगलांबींत प्रकाश शोषतात आणि गणिताला फसवतात. मग लोटाचं डोकं बघते: सर्वांत दाट पिक्सेल कुठल्या यंत्राजवळ आहे, आणि तिथून शेपूट वाऱ्याच्या दिशेने पातळ होत जाते का. खरा लोट शेपटीकडे फाटत जातो, मध्येच तुटतो, पुन्हा जुळतो. फार नीटनेटका दिसला तर मी मागच्या दोन-तीन तारखांची चित्रं मागवते. त्याच आकाराची, त्याच दिशेची आकृती वारा बदलूनही तशीच असेल तर तो जमिनीचा डाग आहे.

हे सगळं दिसलेल्या लोटाविषयी झालं. तुमच्या प्रश्नाचा गाभा मात्र न दिसलेल्या लोटात आहे, आणि त्याविषयी विक्रेता सहसा बोलत नाही.

महिन्याला एक म्हणजे वर्षाला १२ चित्रं. ढग, धुरळा, नको तो वारा यांत एक तृतीयांश गेली असं धरू, उरली आठ. समजा एका कंप्रेसर स्टेशनवर मोठी गळती होते, पण ती सलग नसते, एकूण वेळेच्या १० टक्के वेळच चालू असते. आठही चित्रांत ती न दिसण्याची शक्यता ४३ टक्के आहे. ५ टक्के वेळ चालणारी असेल तर ६६ टक्के. म्हणजे वर्षाच्या शेवटी तुमच्या हातात आठ स्वच्छ चित्रं असतील, अहवालात शून्य लिहिलेलं असेल, आणि तरीही ते स्टेशन अधूनमधून टनावारी वायू सोडत असण्याची शक्यता चांगली दणदणीत असेल. उलटी बाजूही तितकीच धोक्याची आहे. आठांपैकी एका चित्रात ताशी दोन टनांचा लोट सापडला आणि कोणी त्याला वर्षाच्या ८,७६० तासांनी गुणलं, तर साडेसतरा हजार टनांचा आकडा तयार होतो, जो तुम्ही कुठेही सिद्ध करू शकत नाही आणि नाकारूही शकत नाही. त्यात भर म्हणजे या प्रकारचे बहुतेक उपग्रह ठिकाणावरून ठरावीक स्थानिक वेळीच जातात. सेंटिनेल-२ सकाळी साडेदहाच्या सुमाराला, सेंटिनेल-५पी दुपारी दीडच्या. देखभालीची कामं, विहिरी मोकळ्या करणं, दाब सोडणं हे सगळं दिवसाउजेडी कामाच्या वेळेत होतं. त्या तासांवरून रात्रीचा अंदाज बांधला की आकडा फुगतो.

म्हणून माझी पहिली अट असते: लोट न दिसलेल्या प्रत्येक चित्रासोबत त्या दिवसाची, त्या जागेची, त्या वाऱ्यातली शोधमर्यादा लिहून द्या. "आढळले नाही" याला काही अर्थ नाही. "ताशी २५० किलोच्या वरची गळती या वेळी नव्हती" याला अर्थ आहे. अशी नोंद वर्षभर जमा झाली तर तिच्यावरून गळतीच्या वारंवारतेची वरची मर्यादा काढता येते, आणि ती मर्यादा तपासणीसाला दाखवता येते. हे द्यायला खळखळ करणाऱ्या विक्रेत्याशी मी पुढे बोलत नाही.

इथवरचं एकत्र करते. उपग्रहाला मोठी गळतीच दिसते. दिसली तर आकडा अंदाजाचा असतो. न दिसली तर त्या दिवसाच्या मर्यादेपुरतंच बोलता येतं. लहान गळत्यांची बेरीज मात्र लहान नसते. अनेक तेल-वायू क्षेत्रांत एकूण उत्सर्जनाचा मोठा वाटा उपग्रहाच्या शोधमर्यादेखालच्या स्रोतांतून येतो. त्यामुळे ओजीआय कॅमेऱ्याची, म्हणजे जमिनीवरून गळती दाखवणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याची, फेरी बंद करू नका. तुमच्या देशाचा नियम काय म्हणतो तेही पाहावं लागेल. युरोपीय संघाच्या २०२४ च्या मिथेन नियमात जमिनीवरची गळतीतपासणी आणि दुरुस्ती ही ठरलेल्या मुदतींनी करणं बंधनकारक आहे, आणि ओजीएमपी २.० या अहवालपद्धतीच्या सर्वांत वरच्या पातळीला यंत्रागणिक हिशेब आणि अख्ख्या जागेचं मापन यांचा मेळ घालावा लागतो. मधली पोकळी भरायला विमान आणि ड्रोन आहेत. विमानातले सेन्सर ताशी १० किलोच्या आसपास आणि काही त्याहूनही खाली जातात. वर्षातून दोनदा विमान, मोठ्या केंद्रावर कायमचे सेन्सर आणि त्यावर उपग्रहाची नजर, ही मांडणी मला तुमच्यासारख्या कंपनीला सर्वांत पटते. विहिरी एकमेकींपासून किती दूर आहेत यावर मात्र खर्चाचं गणित पूर्ण पालटतं. १२ किलोमीटरच्या एका चौकोनात वीस-तीस विहिरी बसत असतील तर एकाच चित्राच्या पैशात सगळ्यांची पाहणी होते. त्या शंभर किलोमीटरवर सुट्या-सुट्या असतील तर विमान बहुधा स्वस्त पडेल.

खरेदीआधी फुकट डेटाचं काम उरकून घ्या. तुमच्या ठिकाणांवरचा सेंटिनेल-२ आणि लँडसॅटचा मागचा सगळा साठा चाळा. एमिटचे आणि कार्बन मॅपरचे सापडलेले लोट जाहीर असतात. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाची आंतरराष्ट्रीय मिथेन उत्सर्जन वेधशाळाही सापडलेल्या लोटांचा नकाशा प्रसिद्ध करते. या चाळणीत तुमचं एखादं स्टेशन आधीच नावानिशी झळकलेलं दिसलं तर ते कळलेलं बरं, आणि सशुल्क चित्रं कुठे जास्त घ्यायची तेही त्यातून ठरतं. सगळ्या ठिकाणी सारखी महिन्याला एक चित्र ही वाटणी मला सर्वांत वाया जाणारी वाटते. जिथे फ्लेअर, मोठ्या टाक्या आणि जुने कंप्रेसर आहेत तिथे आठवड्याला एक, शांत विहिरींवर तिमाहीला एक, आणि काही चित्रं हातची राखून ठेवलेली, असं वाटप करा. राखीव चित्रं दोन कामांना येतात: संशय आला की ताबडतोब पाहायला आणि दुरुस्तीनंतर खात्री करायला.

कुठे आणि किती वेळा बघता त्यावर काय सापडतं हे किती अवलंबून असतं, याचा एक दाखला या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. २०१९ च्या सुरुवातीला क्लेअर उपग्रह तुर्कमेनिस्तानात एका चिखल-ज्वालामुखीकडे रोखलेला होता. चित्रात जवळच्या कोर्पेजे वायूक्षेत्रातला प्रचंड लोट आला, संशोधकांच्या अंदाजाने ताशी १० ते ४३ टनांचा. जुना ट्रोपोमीचा डेटा पुन्हा तपासला तेव्हा तो लोट तिथेही सापडला. कोणी त्या जागेकडे त्या नजरेने पाहिलेलं नव्हतं, एवढंच.

आणि सापडल्यावर काय? माझ्या अनुभवात पैसा इथे सर्वांत जास्त वाया जातो. चित्र सकाळी घेतलं, प्रक्रिया होऊन अहवाल तीन दिवसांनी आला, तो पर्यावरण विभागाच्या सामायिक पत्त्यावर पडला, तिथून सोमवारी प्रकल्पप्रमुखाकडे गेला. तोवर फ्लेअर पुन्हा पेटलेला असतो किंवा वायू अजून वाहतच असतो, दोन्ही वाईट, कारण गळती कशामुळे झाली ते सापडत नाही. जागतिक पातळीवरही सुरुवातीला हेच चित्र होतं. वर उल्लेखलेल्या वेधशाळेची मार्स ही इशारायंत्रणा नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाली. पहिल्या दोन वर्षांत तिने सरकारांना आणि कंपन्यांना १,२०० सूचना पाठवल्या आणि ठोस उत्तर आलं सुमारे १ टक्का सूचनांना. वर डोळे असून खाली कोणी जागं नाही, ही गोष्ट मला फार लागते. वीस वर्षांच्या मुदतीत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त तापवतो आणि हवेत दशकभरच टिकतो, म्हणजे आज बंद केलेल्या गळतीचा फायदा याच पिढीला दिसणार आहे.

तेव्हा करारावर सही करण्याआधी आपल्या घरातली साखळी ठरवा. इशारा थेट नियंत्रण कक्षात, पाळीवरच्या अधिकाऱ्याकडे जावा. चित्राची वेळ जागतिक प्रमाणवेळेत येते, ती स्थानिक वेळेत बदलून त्याच मिनिटाच्या नोंदी काढायच्या: फ्लेअरच्या ज्योतीचा संकेत, टाक्यांचा दाब, कंप्रेसरचं थांबणं-सुरू होणं, देखभालीचे परवाने. अर्ध्याहून जास्त वेळा कारण या नोंदींतच सापडतं. मग कॅमेरा घेऊन माणूस त्या ठिकाणी जावा, आणि दुरुस्तीनंतर राखीव चित्रांतलं एक त्याच जागेचं घ्यावं. गळती किती तास चालली हे या नोंदींवरूनच ठरतं, आणि तेव्हाच तो ताशी आकडा वार्षिक हिशेबात बसवता येतो.

विक्रेत्याकडे मागायच्या बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. यशस्वी चित्राची व्याख्या लिहून घ्या. ढगाळ चित्राचे पैसे द्यायचे नाहीत. चित्र घेतल्यापासून इशारा किती तासांत येणार ते कलमात हवं. नुसती रंगीत आकृती नको, पिक्सेलागणिक जादा मिथेनचा डेटा, वापरलेला वारा आणि अनिश्चितता हेही हवं, म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासून घेता येईल. एकाच उपग्रहावर अवलंबून राहू नका. मिथेनसॅट हा खास याच कामासाठी बांधलेला उपग्रह मार्च २०२४ मध्ये गेला आणि जून २०२५ मध्ये त्याच्याशी संपर्क तुटला. असं झालं तर विक्रेता काय पर्याय देणार, हे आधीच ठरलेलं असावं. आणि डेटा कोणाला दाखवता येईल यावरचं कलम बारकाईने वाचा. काही परवान्यांत नियामकाला मूळ डेटा देण्याचीही मुभा नसते. तुमच्या स्टेशनवरचा लोट उद्या दुसऱ्या कोणी जाहीर केला, तर त्याच दिवसाचं तुमचं चित्र आणि नियंत्रण कक्षाच्या नोंदी तुम्हाला कोणाचीही परवानगी न मागता पुढे ठेवता आल्या पाहिजेत. हे कलम मिळत नसेल तर मी किमतीवर घासाघीस करण्याऐवजी त्यासाठी अडून बसेन.